जोडावरचा अर्धा शिक्का

अहवाल सकाळी दहाच्या सुमारास आला. दामोदर पाध्यांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मजकूर बदलला नाही.

'निशाण्या दोन. हात दोन. जोडातील अंश : कर्मचारी क्रमांक तीन. स्पर्शाचे वय : अंदाजे चाळीस वर्षे.'

कर्मचारी क्रमांक तीन म्हणजे ते स्वतःच.

घोरवडे दप्तर संग्रहालयातून पाध्ये निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण त्यांना कोणी सोडलं नव्हतं. खरं तर तेही संग्रहालयाला सोडत नव्हते. मोडी आता यंत्र वाचत असे, आणि पाध्यांपेक्षा कितीतरी भराभर. तरीही प्रत्येक कागदाखाली एका माणसाची 'पडताळले' अशी मान्यता लागे. ती मान्यता देणं एवढंच त्यांचं काम उरलं होतं. आपण नसतो तरी चाललं असतं, असं त्यांना रोज एकदा तरी वाटे.

कागद जात 'बंधमुक्ती' या संकेतस्थळावर. गुलामगिरीचा आणि ती उठवण्याचा इतिहास ज्याला अभ्यासायचा असेल, त्याच्यासाठी जगभरच्या संग्रहालयांनी मिळून ते उभं केलं होतं. झांझिबारच्या जहाजांच्या याद्या, गोव्यातली दासांची खरेदीखतं, ब्रिस्टलच्या गुलामगिरीविरोधी सभांची पत्रकं, सगळं घरबसल्या पाहायला मिळे. मराठी विभागात पेशवाईतल्या कुणबिणी होत्या. धन्याच्या घरी विकत आलेल्या किंवा गुन्ह्यापायी सरकारात जमा झालेल्या बायका, दळणाकांडणाला आणि शेणगोठ्याला जुंपलेल्या. या विभागातलं सर्वांत जास्त उघडलं जाणारं पान होतं 'सगुणीचं सोडपत्र'. सातवीची मुलं ते वाचत. खाली प्रश्न असे : घोरवडे सरकारांनी सगुणीला का सोडले असेल? पाच वाक्यांत लिहा.

दोन वर्षांपूर्वी 'बंधमुक्ती'वर एक नवी सोय आली : स्पर्शवाचन. माणूस ज्याला हात लावतो त्यावर त्वचेचे कण राहतात आणि जुना हातकागद ते आपल्या धाग्यांत धरून ठेवतो, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. कागदाला इजा न करता ते काढायचे कसे, एवढंच अडलं होतं. मग एक ओलसर, पापडासारखा पातळ पापुद्रा निघाला. तो कागदावर अर्धा तास ठेवायचा आणि अलगद उचलायचा. कागद जसाच्या तसा, आणि कण पापुद्र्यावर. त्या कणांतला आनुवंशिक मजकूर जितका जुना, तितके त्याचे तुकडे आखूड आणि टोकं झिजलेली. त्यामुळे हात दोनशे वर्षांपूर्वी लागला की चाळीस, हेही यंत्र सांगू शके.

या मजकुराचा एक भाग आईकडून लेकराकडे जवळजवळ न बदलता येतो. म्हणजे आजच्या एखाद्या बाईने गालाच्या आतला नमुना पाठवला, तर तिच्या आईच्या आईच्या आईने कुठल्या कागदाला हात लावला होता, ते पडद्यावर दिसे. लिहिता न येणाऱ्या बाईची सही म्हणजे बांगडीची निशाणी. लेखनिक शाईने एक गोल काढी आणि बाई त्याला बोट लावी. एवढ्या बायकांचं जगाच्या पाठीवर उरलेलं तेवढंच, त्या गोलातलं एक बोट.

कागद हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचे कणही त्यात मिसळत. म्हणून त्यांचे नमुने आधीच घेऊन ठेवलेले असत, आणि अहवालाखाली एक चौकट असे : 'कर्मचारी-अंश वगळा.' पाध्यांनी आजवर हजारो कागदांखाली त्या चौकटीत खूण केली होती. ती न करणं म्हणजे ताट उचलून खालची जागा न पुसण्यासारखं होतं.

आज सगुणीच्या सोडपत्राच्या अहवालाखाली त्यांचं बोट त्या चौकटीपर्यंत जाऊन थांबलं.

"काका, झालं का?" चिन्मय घोरवडे दारातूनच म्हणाला. संग्रहालयाचा विश्वस्त, चाळिशीचा, सदा घाईत. "पाचच्या आत पडताळणी गेली पाहिजे. उद्या अकराला सोडपत्राचं स्पर्शवाचनाचं पान उघडतंय, आणि दुधगावचे सगुणीचे वंशजही त्याच वेळी नारळ घेऊन येतायत. सगळं थेट दिसणार आहे."

"दोन हात निघालेत," पाध्ये म्हणाले.

चिन्मयने पडद्यात डोकावून पाहिलं. "मग? वरची बांगडी दुधगावच्या बकुळाबाईंच्या वंशाची, ती जुळली ना? झालं तर. खाली तिच्यावतीने दुसरीने बोट लावलं असेल. जोड मूळचा असेल तर यंत्र तसं धरतं, तुम्हीच सांगितलंत मला."

"जोड मूळचा असेल तर."

"तुमचे कण वगळा, म्हणजे मूळचाच येईल. रोज करता तेच करायचंय." तो वळला आणि हसून म्हणाला, "चहा घ्या जरा. तुमचा चेहरा बघून मलाच वाळवी लागल्यासारखं वाटतंय."

तो गेल्यावर पाध्यांनी चहा घेतला नाही. ते कपाटांच्या खोलीत गेले.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि नोकरी तात्पुरती होती. चिन्मयचे आजोबा, आबासाहेब, यांनी सगळं दप्तर संग्रहालयाला दिलं होतं आणि त्यांची पंचाहत्तरी जवळ आली होती. दप्तरात खटले होते, कर्जं होती, भाऊबंदकी होती. गौरवअंकात छापावं असं काही निघत नव्हतं. आणि मग वाळवीने खाल्लेल्या एका रुमालात, म्हणजे फडक्यात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, पाध्यांना कुणबिणींची याद सापडली.

असे लांब कागद म्हणजे एकाखाली एक डकवलेल्या कागदाच्या पट्ट्या, म्हणजे बंद. खळ सुकली की बंद सुटतात. एका बंदाच्या तळाशी होतं : 'कुणबीण नामे सगुणी, उमर अजमासे वर्षे पंचवीस, रंग सावळा, उजवे मनगटी गोंदण,' आणि बांगडीची निशाणी. तिचं पुढे काय झालं, ते पुढच्या बंदावर असणार. दोन सुटे बंद त्याच रुंदीचे, त्याच अक्षराचे होते. एकावर होतं : 'इजला सोडिली. खुशीने वाटेल तेथे राहावे. कोणी अडथळा न करणे.' तारीख मार्गशीर्ष शुद्ध पंचमी आणि पुन्हा बांगडी. दुसरा बंद निराळंच सांगत होता.

कोणता बंद कुठला, हे ठरवायला पूर्वीच्या कारभाऱ्यांनी सोय करून ठेवली होती. कागद जोडला की पाठीमागे, बरोबर जोडावर, एक शिक्का मारायचा. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. कोणी मधला बंद बदलला तर शिक्का फुटतो.

पाध्यांनी तेव्हा कागद उलटून पाहिला होता. सोडपत्राच्या बंदाशी शिक्क्याची अर्धुकं जुळत होती, पण सुताभर सरकून. कागद आटला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसरा बंद लावून बघायला पाच मिनिटं लागली असती. त्यांनी ती पाच मिनिटं घेतली नाहीत. बोटाने खळ लावून दोन बंद डकवले आणि पाठीला पातळ अस्तराचा कागद चिकटवला. अर्धा शिक्का त्याखाली गेला. लेख छापून आला, नोकरी कायम झाली. पुढे चाळीस वर्षं, लेखाची कोणी स्तुती केली की त्यांना तो सुताभर फरक आठवे.

पाकीट तिथेच होतं. 'सुटे बंद, १७.' वर त्यांचंच तरुणपणीचं अक्षर होतं, आजच्यापेक्षा ठाशीव.

जोडावरचं अस्तर आणि मग जोडही त्यांनी ओल्या बोळ्याने सोडवला. पन्नास मिनिटं लागली. मग पाकिटातला बंद सगुणीच्या बंदाखाली ठेवला आणि दोन्ही उलटले.

शिक्का गोल झाला. मधे केसही मावला नसता.

"काका, आहात का?"

पाध्यांनी कागदावर टिपकागद ओढला. दारात बकुळाबाईंची लेक, सारिका दुधगावकर, उभी होती. नदीपलीकडच्या दुधगावच्या शाळेत ती शिकवायची. आठ वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे मोडी शिकायला आली आणि मग येतच राहिली.

"आईचा प्रश्न घेऊन आलेय. उद्या कॅमेरा आहे तर लुगडं हिरवं नेसू की जांभळं? म्हणते, पाध्येबाबांनाच विचार, त्यांनी सगुणीला बघितलंय."

"मी कागद बघितलाय."

"तिला तेच म्हटलं. ती म्हणाली, म्या तर कागदबी न्हाई बघितला." सारिका खुर्चीत बसली. "पुलावरून येताना पुन्हा तेच. मागे वळून बघू नको. पन्नाशीची बाई मी, एस.टी.त माझी मान धरून ठेवते. आमच्या घरातल्या बायकांनी नदी ओलांडताना मागे बघायचं नाही म्हणे. का, तर नाही. पाळण्यातलं नाव सगुणी ठेवायचं आणि नदीवर मागे बघायचं नाही, एवढेच आमचे कुळाचार."

पाध्ये हसले नाहीत, हे तिच्या लक्षात आलं.

"बरं नाही का?"

"सारिका, पहिल्यांदा नारळ घेऊन आलात तेव्हा तू केवढी होतीस?"

"दहा वर्षांची. तुमचा लेख पेपरात आला होता ना, आईने कोणाकडून तरी वाचून घेतला. सगुणी म्हणजे आपलीच, म्हणाली. उपकार फेडले पाहिजेत. आबासाहेबांच्या घरी आम्हाला चहा दिला होता. कप निराळे होते. आईला ते दिसलं नाही, किंवा दिसलं असेल. ती ओट्याच्या पायरीवर डोकं टेकून आली. तेव्हापासून दरवर्षी. तुम्ही का विचारताय?"

आता सांगायला हवं होतं. टिपकागद एका बोटाने सरकवला असता तरी झालं असतं.

"हिरवं नेसू दे," पाध्ये म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी टिपकागद बाजूला सारला. याच उजव्या हाताच्या तर्जनीने खळ लावली होती.

साडेचारला ते चिन्मयच्या खोलीत गेले आणि दोन्ही बंद त्याच्या टेबलावर उलटे ठेवले. बोलायला लागले की आपलं वाक्य अर्ध्यात विरतं, हे त्यांना माहीत होतं.

चिन्मय शहाणा होता. शिक्का बघितला आणि त्याला कळलं. मग त्याने बंद सुलटे केले. मोडी त्याला येत नव्हती.

"काय लिहिलंय?"

पाध्यांनी सांगितलं.

चिन्मय खिडकीशी गेला. "मग सोडली ती कोण?"

"माहीत नाही. तिचा वरचा बंद वाळवीने खाल्ला. तिचं बोट आहे, नाव नाही."

"काका, आमच्या सबंध दप्तरात चांगली म्हणावी अशी ही एकच गोष्ट आहे. माझी मुलगी शाळेत तो धडा वाचते. सांगते सगळ्यांना, आमच्या घराण्याने सोडली."

"कोणाला तरी सोडली, हे खरंच आहे."

"कोणाला तरी!" चिन्मय वळला. "उद्याचा दिवस जाऊ द्या. पुढल्या महिन्यात आपण टीप घालू, जोड संदिग्ध म्हणून. तुमचंही नाव राहील. अहवालात काय येणार आहे, विचार केलाय? कर्मचारी क्रमांक तीन. जगभर दिसेल. लोक म्हणतील, पाध्यांनी धन्याला खूश करायला कागद जुळवला."

"जवळजवळ तसंच झालं होतं," पाध्ये म्हणाले, आणि आपण हे मोठ्याने बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. "तेव्हाही मी म्हटलं होतं, पुढे बघू."

"मग बकुळाबाईंचं काय? ब्याऐंशीची बाई. चाळीस वर्षांचा नेम. तिचं सोडपत्र तुम्ही काढून घेणार?"

पाध्ये दिवसभर तेवढ्याच प्रश्नाभोवती फिरत होते.

"त्यांना मी आधी सांगेन," ते म्हणाले. "पान उघडायच्या आत. स्वतः जाऊन."

"आणि मी पडताळणी दुसऱ्याकडून करून घेतली तर?"

"तर चौकटीत खूण त्याला करावी लागेल. मी नाही केली, हे तुला ठाऊक असेल."

गेल्या चाळीस वर्षांत या माणसाने कोणाला उलट उत्तर दिल्याचं चिन्मयच्या ऐकिवात नव्हतं. शेवटी त्याने दोन्ही बंद काळजीपूर्वक पुठ्ठ्याच्या घडीत ठेवले आणि ती घडी पाध्यांच्या हातात दिली.

"उद्या संध्याकाळच्या आत परत आणा. दप्तराची वस्तू आहे." मग म्हणाला, "माझ्या मुलीला काय सांगायचं, तेही सांगा कधीतरी."

पाच वाजायला सात मिनिटं कमी असताना पाध्यांनी सतरा नंबरच्या पाकिटातला बंद नोंदवला आणि चौकट रिकामी ठेवून 'पडताळले' दाबलं. पडद्याने विचारलं, 'कर्मचारी-अंश कायम ठेवायचे आहेत का?' त्यांनी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सातच्या एस.टी.ने ते निघाले. पुलावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर घाट धुरकट दिसत होता आणि दुधगाव त्याच्या पायथ्याशी.

बकुळाबाई अंगणात बाजल्यावर बसल्या होत्या, हिरवं लुगडं नेसून. समोर चार नारळ होते. एकेक कानाशी नेऊन हलवत होत्या.

"या, बाबा. हितं कसं? आमीच येनार हुतो की," त्या म्हणाल्या. "ह्यात पानी चांगलं हाय बगा. सरकारास्नी खवट जायला नगं."

सारिका दारात आली, केस अर्धे विंचरलेले. पाध्यांचा चेहरा आणि हातातला पुठ्ठा पाहून तिने फणी खाली ठेवली.

पाध्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. अर्धा शिक्का, खळ, पाकीट. वाक्यं अडखळली, पण एकही गाळलं नाही. सोडपत्र सगुणीचं नव्हतं. ते दुसऱ्या कोणा बाईचं होतं. दोन कागद चुकीचे जोडले ते मी, आणि तेव्हाच मला शंका होती.



"काल मी समोर बसले होते," सारिका म्हणाली. "लुगड्याचा रंग विचारत होते. तेव्हा हे टेबलावर होतं?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, हिरवं." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "चाळीस वर्षं काका. त्या पायरीवर. दरवर्षी मी आईला धरून उठवलंय, गुडघे धरतात तिचे. मी वर्गात शिकवलं पोरांना, उपकार म्हणजे काय. तुम्ही मला मोडी शिकवलीत तेव्हा पहिला धडा कोणता दिला होता, आठवतंय? कागद आधी उलटून बघायचा."

 

"सगुने, थांब," बकुळाबाई लेकीला म्हणाल्या. त्यांनी नारळ मांडीवर धरला होता. "बाबा, सोडली न्हाई म्हंता. मंग तिचं काय झालं? मेली का तितंच?"

"नाही. पळून गेली."

"कोनी पळवली?"

"कोणी नाही. एकटीच गेली."

बकुळाबाईंनी सुनेच्या माहेरचा रस्ता विचारावा तसं विचारलं, "कुनीकडं गेली, लिवलंय?"

"लिहिलंय."

"मंग वाचा. समदं वाचा. आता काय गाळू नका."

पाध्यांनी बाजल्याच्या कडेला पुठ्ठा उघडला. सारिका पुढे आली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने आधी बंद उलटून शिक्का पाहिला, दोन्ही अर्धुकांवरून नजर फिरवली, मगच कागद सुलटा केला. वरच्या बंदावरची बांगडी आईला दाखवली. बकुळाबाईंनी बोट पुढे नेलं. कागदाला हात लावायचा नसतो हे सांगायला पाध्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते बोट गोलावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

पाध्ये वाचायला लागले.

"'सगुणी कुणबीण कोठीतून रात्रौ पळोन गेली. नदी उतरोन घाटाकडे गेली ऐसे वर्तमान. मागे माणसे पाठविली.'"

"नदी उतरून," सारिका पुटपुटली. तिने एकदम आईकडे पाहिलं. बकुळाबाई कागदाकडेच बघत होत्या.

"म्होरं?"

"'जेथे आढळेल तेथे धरून पाठवणे.'"

"म्होरं?"

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

बकुळाबाई उठल्या. गुडघ्याला हात लावून, पण कोणाचा आधार न घेता. उंबऱ्याशी गेल्या आणि हातातला तो निवडलेला नारळ आपल्याच पायरीच्या दगडावर आपटला. दोन घाव लागले. पाणी दगडावरून अंगणात आलं आणि मातीत मुरलं.

आत टेबलावर सारिकाचा फोन वाजायला लागला. नऊ वाजले होते, संग्रहालयाची गाडी निघाली असणार. कोणी आत गेलं नाही.

"गावली न्हाई त्यास्नी," बकुळाबाई म्हणाल्या, आणि खोबऱ्याचा तुकडा आधी स्वतःच्या तोंडात टाकला.